गोरिलांची संख्या वाढली, म्हणजे नेमके काय वाढले?

पर्वतीय गोरिलांची एकूण संख्या एक हजाराच्या पुढे गेल्याचा ओझरता उल्लेख या सदरात आला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत आकडेमोड होती, ही माझ्यासारख्या गणित शिकवणाऱ्याला सुखावणारी बाब आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : विरुंगा पर्वतराजीत १९८१ मध्ये २५४ गोरिला होते आणि २०१५-१६ च्या गणनेत ६०४ आढळले. म्हणजे ३५ वर्षांत ३५० ची वाढ, दरवर्षी १०. या हिशेबाने इ. स. २१०० मध्ये ते १,४४४ होतील. हे गणित बरोबर आहे का?

बेरीज बरोबर आहे, पण ती सरळ व्याजाची आहे आणि सजीवांची वाढ चक्रवाढ व्याजाने होते. यंदा जन्मलेली मादी दहा वर्षांनी स्वतः आई होते, म्हणजे व्याजाचे मुद्दल होते. २५४ चे ३५ वर्षांत ६०४ होण्यासाठी दरसाल सुमारे २.५ टक्के वाढ लागते. या दराने संख्या दुप्पट व्हायला साधारण २८ वर्षे लागतात. २०१६ पासून २१०० पर्यंत ८४ वर्षे, म्हणजे बरोबर तीन दुपटी. तेव्हा उत्तर १,४४४ न येता ४,८०० च्या वर जाते.

परंतु हेही उत्तर मी खरे मानणार नाही. रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या तीन देशांत पसरलेला विरुंगाचा गोरिलायोग्य टापू जेमतेम ४५० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याच्या भोवती शेती थेट जंगलाच्या कडेपर्यंत येऊन भिडलेली आहे. आज तेथे एका चौरस किलोमीटरला एक-दीड गोरिला पडतो. ४,८०० झाले तर दहाहून अधिक पडतील. वाढीला कोठेतरी लगाम बसणारच आणि तो दाखवणारे समीकरण बेल्जियमच्या व्हरहुल्स्टने १८३८ मध्येच मांडले होते. त्यात संख्या जसजशी अधिवासाच्या धारणक्षमतेजवळ, म्हणजे ते जंगल पोसू शकेल त्या कमाल संख्येजवळ जाते, तसतसा वाढीचा दर उतरत जातो. अडचण एवढीच की ही धारणक्षमता जंगलावर कोठे लिहून ठेवलेली नसते.

आणखी एक गोष्ट. २५४ पासून सुरुवात करणे हे आपणच निवडलेले आहे. १९५९-६० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी याच टापूत ४०० ते ५०० गोरिला असल्याचा अंदाज केला होता. तेथून मोजायला सुरुवात केली, तर पहिली वीस वर्षे घसरणीची दिसतात आणि सरासरी दर एकदम लहान होतो. तळातल्या बिंदूपासून काढलेला वाढीचा दर नेहमीच देखणा असतो.

प्रश्न : गोरिला वाचवण्याच्या प्रयत्नांत जन्म वाढवण्यावर, पिल्ले जगवण्यावर भर द्यायला हवा असे वाटते. मग अभ्यासक सारखे प्रौढ माद्यांबद्दलच का बोलतात?

या प्रश्नाला कागद-पेन्सिल घेऊन उत्तर देता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॅट्रिक लेस्ली यांनी १९४५ मध्ये वयोगटांनुसार संख्येचा हिशेब ठेवण्याची सारणी-पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक वयोगटातील माद्यांपैकी किती पुढच्या वर्षी जगतील आणि किती पिल्ले देतील, हे आकडे भरायचे असतात. नर गाळले जातात, कारण नर थोडे असले तरी पिल्लांचा वेग माद्याच ठरवतात. आपण ती सारणी आणखी आटोपशीर करून केवळ चार आकड्यांवर भागवू. पर्वतीय गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी पहिले पिल्लू देते. दोन पिल्लांत सुमारे चार वर्षांचे अंतर असते, म्हणजे वर्षाला पाव पिल्लू. त्यातले निम्मे नर धरले की दर मादीमागे दरवर्षी ०.१२५ मादी-पिल्ले उरतात. दहा वर्षांपर्यंत १०० पैकी ६५ पिल्ले जगतात असे धरू आणि प्रौढ माद्यांपैकी दरवर्षी ९६ टक्के जगतात असे धरू. शेवटचे दोन आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते गोरिलांच्या आयुष्यमानाला सोडून नाहीत.

आता पुढच्या वर्षीच्या प्रौढ माद्या म्हणजे यंदाच्या जगलेल्या माद्या, अधिक दहा वर्षांपूर्वी जन्मलेल्या आणि आता वयात येणाऱ्या माद्या. हे समीकरण सोडवले की वाढीचा दर २.५ टक्के येतो. विरुंगाच्या दीर्घकालीन दराशी तो जुळला, याने मी हुरळून जात नाही. चार आकडे थोडे इकडेतिकडे सरकवून असे जुळवता येते. मला रस आहे तो आकडे सरकवल्यावर काय होते यात.

पिल्लांचे जगणे ६५ वरून ६० टक्क्यांवर आणा. वाढीचा दर २.५ वरून २.२ वर येतो. दोन पिल्लांतले अंतर चार वर्षांऐवजी पाच वर्षे करा; दर १.६ वर येतो, आणि पाळणा एक वर्षाने लांबणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आता बाकी सर्व पूर्ववत ठेवून केवळ प्रौढ माद्यांचे जगणे ९६ वरून ९४ टक्के करा. दर १.३ वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. पिल्लांचे पाच टक्के गमावल्याने जे नुकसान झाले, त्याच्या चौपट नुकसान प्रौढ माद्यांचे दोन टक्के गमावल्याने झाले.

कारण सोपे आहे. पिल्लू मेले तर चार वर्षांची गुंतवणूक बुडते, पण तेही पूर्णपणे नाही, कारण पिल्लू दगावल्यावर आई लवकर पुन्हा गाभण राहू शकते. प्रौढ मादी मेली तर तिच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांतली सर्व पिल्ले जातात आणि तिच्या जागी दुसरी उभी करायला दहा वर्षे लागतात. भरपाईचा हा विलंबच संथगती प्राण्यांच्या गणितात सगळ्यात महाग पडतो. उंदरांचे प्रतिमान, म्हणजे ज्याला आपण सरसकट मॉडेल म्हणतो ते, तयार केले तर हाच निष्कर्ष उलटा येईल. तेथे जननदर महत्त्वाचा ठरतो.

याच समीकरणातून घसरण कोठून सुरू होते तेही काढता येते. प्रौढ माद्यांच्या मृत्यूचे प्रमाण वर्षाला ८.१ टक्क्यांवर गेले की वाढ शून्य होते. नैसर्गिक मृत्यू ४ टक्के धरले, तर शंभर माद्यांमागे दरवर्षी आणखी चार माद्या गेल्या की संपले. जुलै २००७ मध्ये काँगोच्या विरुंगा उद्यानात सेन्क्वेक्वे हा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, आणि त्याच्याच कळपातल्या काही माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्या घटनेची छायाचित्रे जगभर गेली ती नराच्या प्रचंड देहामुळे. समीकरणाच्या नजरेने पाहिले, तर मोठा घाव माद्यांचा होता.

प्रश्न : माणसांना सरावलेल्या कळपांची वाढ ४.१ टक्के आणि न सरावलेल्यांची उणे ०.७ टक्के, असे वाचले. मग सरासरी काढून १.७ टक्के म्हणायचे का?

हे आकडे विरुंगातील १९६७ ते २००८ या काळातील नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आहेत. १९६७ हे वर्ष येते कारण त्या वर्षी डायन फॉसी यांनी रवांडात कॅरिसोके संशोधन केंद्र सुरू केले आणि तेव्हापासून एकेका गोरिलाच्या जन्ममृत्यूची नोंद होत गेली. रोज पहारेकरी आणि संशोधक ज्या कळपांसोबत असतात, ज्यांच्या हातापायांत अडकलेले शिकाऱ्यांचे फास पशुवैद्य काढतात, ते कळप वाढले. बाकीचे हळूहळू कमी होत गेले. दोन दरांतल्या या फरकाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग पशुवैद्यकीय उपचारांमुळे असावा, असा त्या संशोधकांचा अंदाज होता.

सरासरीबद्दल मात्र सावध राहायला हवे. कल्पना करा, दोन्ही प्रकारचे गोरिला सुरुवातीला शंभर-शंभर आहेत. पहिल्या वर्षी एकूण वाढ खरोखर १.७ टक्के असते. चाळीस वर्षांनी सरावलेले सुमारे ५०० होतात, न सरावलेले ७५ उरतात. आता एकूण वाढीचा दर ३.५ टक्के झालेला असतो. या चाळीस वर्षांत कोणत्याही कळपाची परिस्थिती तसूभरही सुधारलेली नाही, तरी एकूण दर दुप्पट झाला, कारण वेगाने वाढणाऱ्यांचा वाटा वाढत गेला. बाहेरून आलेखाकडे पाहणारा मनुष्य म्हणेल की संवर्धन दिवसेंदिवस परिणामकारक होते आहे. आत मात्र एक गट अजूनही विझत चाललेला असतो आणि तो जितका लहान होतो, तितका एकूण आकड्यात कमी दिसतो. माझ्या मते मिश्र संख्येवर एकच दर लावण्याची सवय ही या विषयातली सर्वांत घातक सवय आहे.

मग सगळेच कळप माणसांना सरावून का घेत नाहीत, असेही एका पत्रात विचारले आहे. माणूस जवळ आला की त्याचे आजारही जवळ येतात. २००९ मध्ये रवांडातील एका कळपात माणसांकडून आलेल्या श्वसनरोगाच्या विषाणूने एक प्रौढ मादी आणि एक पिल्लू दगावले. म्हणजे सरावल्याने शिकारीचा मृत्युदर घटतो आणि रोगाचा वाढतो. आजवर जमाखर्चात फायदा दिसला आहे. पण फासात एका वेळी एक गोरिला अडकतो आणि साथीत सगळा कळप सापडतो.

प्रश्न : युगांडाच्या ब्विंडी जंगलात २००६ मध्ये ३०२ आणि २०११ मध्ये ४०० गोरिला मोजले गेले. पाच वर्षांत ९८ ची भर. हा विक्रम नव्हे काय?

विक्रम असता तर दरसाल ५.८ टक्के वाढ धरावी लागली असती. वरच्याच समीकरणात मनाला येईल तितके उदार आकडे घालून पाहा. प्रौढ माद्यांचे जगणे ९८ टक्के करा, पिल्लांचे ७५ टक्के करा. तरी उत्तर ४.४ टक्क्यांच्या पुढे जात नाही. या कमाल दराने ३०२ चे पाच वर्षांत ३७५ होतात. उरलेले पंचवीसएक गोरिला कोणत्याही मादीने दिलेले नाहीत. ते आधीपासून जंगलातच होते आणि २००६ मध्ये मोजायचे राहिले होते. प्रत्यक्षात राहून गेलेले याहून बरेच अधिक असणार, कारण कमाल दर सहसा कोणी गाठत नाही. २०११ ची गणना करणाऱ्यांनीही वाढीचा काही भाग सुधारित पद्धतीमुळे असल्याचे सांगितले होते.

मोजणी कशी होते हे येथे सांगायला हवे. गोरिला दररोज रात्री पानाफांद्यांचे नवे बिछाने करून झोपतो आणि सकाळी तेथेच विष्ठा टाकतो. पूर्वी लागोपाठच्या तीन रात्रींचे बिछाने मोजून आणि विष्ठेच्या आकारावरून वय ताडून कळप मोजला जाई. ब्विंडीत २००६ मध्ये या पद्धतीने ३३६ हा आकडा आला होता. विष्ठेतील डीएनए तपासल्यावर तो ३०२ झाला, कारण काही गोरिला एका रात्रीत एकाहून अधिक बिछाने करत होते. म्हणजे जुनी पद्धत एकीकडे काहींना दोनदा मोजत होती आणि दुसरीकडे काही कळप तिला सापडतच नव्हते.

२०११ मध्ये सगळे जंगल दोनदा पिंजून काढले. दोन फेऱ्यांचा फायदा असा, की न सापडलेल्यांचाही अंदाज करता येतो. समजा पहिल्या फेरीत ३०० वेगवेगळे गोरिला ओळखले, दुसरीत ३२० ओळखले आणि २४० दोन्हींत आले. दुसऱ्या फेरीतल्या ३२० पैकी २४०, म्हणजे पाऊण हिस्सा, पहिल्या फेरीत आधीच दिसलेला होता. तेव्हा पहिल्या फेरीने एकूण संख्येच्या पाऊण हिस्सा पकडला असे मानायला हरकत नाही. ३०० हे पाऊण असतील तर पूर्ण ४००. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण युक्ती हीच. प्रत्येक गोरिला सापडण्याची शक्यता सारखी असते हे तिच्यातले गृहीतक मात्र भाबडे आहे, कारण एकांडे नर कळपांपेक्षा फार कमी सापडतात आणि त्यासाठी हिशेबात दुरुस्त्या कराव्या लागतात.

प्रतिमान भविष्य सांगते असा समज पत्रांतून वारंवार दिसला. माझा अनुभव असा की ते भूतकाळाची तपासणी अधिक चोख करते: जनावराच्या शरीराला न झेपणारी वाढ आकड्यांत दिसली की मोजणीत काय बदलले ते आधी विचारावे.

प्रश्न : गोरिला गवतपाला खातात आणि तो भरपूर आहे. मग गर्दीचा त्रास त्यांना कसा होईल?

व्हरहुल्स्टच्या समीकरणातला लगाम आपण अन्नाचा समजतो. कॅरिसोकेच्या परिसरात तो वेगळ्याच बाजूने आला. तेथील मोठे कळप फुटून त्यांचे अनेक कळप झाले, कळपांची दाटी खूप वाढली, त्यांच्या गाठीभेटी वाढल्या आणि गाठ पडली की सिल्व्हरबॅक भिडतात. परक्या नराच्या हातून पिल्ले मारली जाण्याचे प्रमाण वाढले. २००० ते २०१७ या काळात तेथील वाढीचा दर निम्म्यावर आल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. पाला मुबलक होता. म्हणून या ठिकाणी एका चौरस किलोमीटरला किती गोरिला यापेक्षा किती कळप, हा आकडा समीकरणात घालणे अधिक योग्य ठरते.

प्रश्न : आता संख्या हजारावर गेली आहे आणि धोक्याची पायरीही उतरवली आहे. मग गणिताने ‘सुरक्षित’ म्हणायला काय हरकत आहे?

पायरी उतरली हे खरे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले. विरुंगातले ६०४ आणि ब्विंडीच्या २०१८ च्या गणनेतले ४५९ मिळून १,०६३ होतात. परंतु ही बेरीज कागदावरची आहे. दोन्ही जंगलांमध्ये पंचवीस-तीस किलोमीटरची माणसांची वस्ती आणि शेते आहेत, ती ओलांडून गोरिला जात-येत नाहीत. गणिताच्या दृष्टीने या ६०० आणि ४५० च्या दोन स्वतंत्र लोकसंख्या आहेत.

आतापर्यंत आपण दरवर्षी तीच टक्केवारी धरली. खऱ्या जगात वर्षे चांगली-वाईट येतात आणि चढउताराची स्वतःची किंमत असते. एका वर्षी साडेबारा टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी साडेसात टक्के घट, असे आलटून पालटून घडले, तर साधी सरासरी अडीच टक्के येते. पण १.१२५ गुणिले ०.९२५ करून पाहा. दोन वर्षांत चारच टक्के वाढ होते, म्हणजे वर्षाला दोन. अर्धा टक्का केवळ हेलकाव्यांनी खाल्ला. त्यात लहान संख्येचा जुगार मिसळतो. एखाद्या कळपात चार पिल्ले झाली, तर चारही नर असण्याची शक्यता सोळात एक आहे. हजारो प्राण्यांत असे योगायोग एकमेकांना छेद देतात, एका कळपात देत नाहीत.

म्हणून अभ्यासक एकच उत्तर काढत नाहीत. संगणकावर त्याच लोकसंख्येचे भविष्य फासे टाकत हजार वेळा घडवून पाहतात आणि त्यांपैकी किती वेळा ती संपली ते मोजतात. व्हॉर्टेक्स नावाची प्रणाली यासाठी फार वापरली जाते. डिसेंबर १९९७ मध्ये पर्वतीय गोरिलांसाठी कंपालात अशी कार्यशाळा झाली, तेव्हा त्या प्रदेशात युद्ध चालू होते आणि युद्धाचा परिणाम हाही विचारात घेण्याचा एक घटक होता. अशा हिशेबात सर्वांत कमकुवत दुवा असतो तो दुर्मीळ आपत्तीचा. काँगो प्रजासत्ताकातील लोसी येथे २००२-०३ मध्ये इबोलाने सुमारे पाच हजार पश्चिमी गोरिला मारल्याचा अंदाज आहे. ती वेगळी जात आहे आणि तेथील जंगलही वेगळे, परंतु साडेचारशेच्या लोकसंख्येत असे एकदा घडण्याची वार्षिक शक्यता किती धरायची? हजारात एक की शंभरात एक, यावर सगळे उत्तर फिरते आणि तो आकडा कोणत्याही समीकरणातून निघत नाही.

प्रश्न : हेच सूत्र ओरांगउटानला लावता येईल का?

येईल, आकडे बदलायचे. तेथे पहिले पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होते आणि दोन पिल्लांत सरासरी ७.६ वर्षांचे अंतर असते. पिल्ले मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास जगतात, कारण आई एकाच पिल्लामागे वर्षानुवर्षे राबते. वाढ शून्य करणारा प्रौढ माद्यांचा मृत्युदर काढला, तर तो गोरिलाच्या ८.१ ऐवजी सहाच्या खाली येतो.

आणि मोजणीचा धडा येथेही लागू आहे. सुमात्रातील ओरांगउटानांचा जुना अंदाज ६,६०० चा होता. २०१६ मध्ये तो १४,६०० च्या आसपास गेला. ज्या उंच डोंगरउतारांवर ते नसतील असे धरले होते, तेथे या वेळी घरटी शोधली आणि ती सापडली. दरम्यान खालचे जंगल तुटतच होते.